आमच्या माळ्याचा भाव

निशिकांत पेडणेकरांना घराच्या कामाचा भाव विचारू नये, असं सिंगापुरातल्या आमच्या मराठी मंडळींत कधीच ठरून गेलंय. विचारलात तर ते खोटं बोलणार नाहीत, आणि खरं ऐकून तुमची झोप उडेल. मी विचारला. माझी झोप भावाने नाही उडाली, वेगळ्याच कारणाने उडाली, आणि ती अजून पुरती परत आलेली नाही. आजही डोक्यावरचा पंखा जरा डगमगला की मी उठून बाजूला होते.

हे निशिकांतराव म्हणजे साधा माणूस. वय एकसष्ट. लालबागला वाढले, सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि तिशीत इथे बोगद्याच्या कामावर आले. बोगदा संपला तरी ते राहिले. आता इथल्या यिशुन भागातल्या एका लहानशा कंपनीत आहेत. ही कंपनी घरांची छपरं दुरुस्त करते, घरावर खोल्या चढवते. निशिकांतरावांचं काम एकच: घर बघायचं आणि कशाला किती पैसे लागतील ते लिहून द्यायचं. पंचवीस वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या घरात वर बघत फिरतोय, त्यामुळे त्यांची मानही जरा मागेच झुकलेली असते.

आणि घाबरट किती म्हणाल! बाल्कनीखालून चालणार नाहीत. हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, गेलं तर पंख्याखालचं टेबल नको. एकदा मंडळाच्या हळदीकुंकवाला त्यांची बायको वल्लरी आमच्याकडे आली होती, ती सांगत होती, "अगं, कुठल्या हॉटेलात गेलो तर आधी खांब मोजतात. मग मेन्यू." आम्ही सगळ्या पोट धरून हसलो होतो. मीच सगळ्यात जास्त. त्यांना त्याबद्दल चिडवलं तर ते शांतपणे म्हणत, "वहिनी, मी भाव लावतो ना, म्हणून मला माहितेय कुठे कोणी काय स्वस्तात उरकलंय."

आमचं घर पासिर रिसला आहे. रांगेतलं, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, चाळीसेक वर्षांचं जुनं. मी बँकेत, नवरा मुकुल अकाउंट्समध्ये, दोघांनी बावीस वर्षं राबून, सिटिझन होऊन ते घेतलं. खाली बैठकीची खोली, वर दोन बेडरूम, आणि त्याच्यावर उतरत्या कौलारू छपराखाली मोकळी जागा. आधीच्या मालकाने तिथे प्लायवूड टाकलं होतं, एसी बसवला होता, आणि वरच्या पॅसेजमधून घडीची शिडी सोडली होती. मधोमध उभं राहता यायचं, कडेला वाकावं लागायचं. आमची मुलगी अवनी वीस वर्षांची, कॉलेजात शिकते आणि कथक शिकवते. तिला ती जागा फार आवडली. दर रविवारी सकाळी सात मुली घेऊन ती तिथे वर्ग घ्यायला लागली.

माझ्या डोक्यात आलं, तिथे डॉर्मर काढावा. म्हणजे उतरत्या छपराचा थोडा भाग कापून तिथे उभी खिडकी काढायची, वर लहानसं वेगळं छप्पर. मग कडेलाही डोकं आपटत नाही, उजेड येतो, चांगली ऐसपैस खोली होते. एका कंत्राटदाराने बाहेरूनच बघून सांगितलं, नव्वद हजार डॉलर, सगळं धरून. मला तेही जास्तच वाटले. तरी दुसरा भाव असावा म्हणून मी निशिकांतरावांना फोन केला.

तो फोन मला शब्दन् शब्द पाठ आहे. मी तो नंतर मनात किती वेळा ऐकलाय, काही सांगू नका.

"फोनवर आकडा सांगत नाही," ते म्हणाले. "तीन आठवड्यांनी रविवारी येतो. छपरात शिरून बघतो, मग बोलू."

"बरं. आणि हो, अवनी माळ्यावर कथक शिकवते. सात पोरी असतात. खाली जरा धाडधाड ऐकू येतं. चालेल ना?"

"माळ्यावर ना? चालेल की! ती घरं पक्की आहेत वहिनी. सात काय, पंचवीस जणी नाचवा. बिनधास्त."

झालं. निशिकांतरावांसारखा घाबरट माणूस बिनधास्त म्हणतोय म्हटल्यावर आणखी काय हवं? मी अवनीला सांगितलं, काकांनी हो म्हटलंय. गणपतीचा कार्यक्रम जवळ आला होता, तिने रविवारबरोबर बुधवारीही तालीम सुरू केली.

त्यानंतर दहाएक दिवसांनी मला माझ्या बेडरूमच्या छताला एक तडा दिसला. केसासारखा बारीक, पंख्यापासून दाराच्या दिशेने गेलेला. तेव्हा मुकुल जकार्ताला होता. आता खरं सांगते, मी घाबरले नाही, वैतागले. निशिकांतराव येणार, हा तडा बघणार आणि आकडा वीस हजारांनी वाढवणार, एवढंच मला दिसलं. मी रंगाऱ्याला बोलावलं, तडा पुट्टीने बुजवून वर पांढरा रंग मारून घेतला. मुकुलला बोलले नाही. उगाच कशाला, म्हटलं.

रविवार उजाडला. निशिकांतराव दहाला आले. पाठीवरची सॅक पोटावर घेतलेली, हातात टॉर्च. मी कोकम सरबत दिलं. वर अवनी ताल मोजत होती ते ऐकू येत होतं, घुंगरं वाजत होती. त्यांनी ग्लास तोंडाला लावला आणि थांबले.

"आवाज पोकळ येतोय," म्हणाले.

"लाकडी फ्लोअरिंग आहे ना वर," मुकुल म्हणाला.

ते हसले, उठले आणि जिना चढून वर गेले. आम्ही दोघं मागोमाग. ते माझ्या बेडरूमच्या दारात उभे राहिले आणि आत बघत राहिले. खोली रिकामी होती. पलंगावर चादर नीट घातलेली होती. आणि पंखा बंद असूनही थरथरत होता.

"पोरी कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"माळ्यावर."

"अहो, माळ्यावरच तर उभे आहोत आपण!"

"हा मजला हो. माळा वर. छपरात."

मी पुण्याची. आमच्याकडे माळा म्हणजे जिथे जुने डबे, गाद्या, दिवाळीचे कंदील टाकतात ती वरची जागा. ते लालबागचे. त्यांच्याकडे पहिला माळा, दुसरा माळा, म्हणजे मजलेच. हे मला तेव्हा कळलं. त्यांनी फोनवर ज्या माळ्याला हो म्हटलं होतं तो हा होता, आमच्या पायाखालचा, काँक्रीटचा.

माणसाच्या तोंडावरचा रंग उडतो म्हणतात, तो मी त्या दिवशी बघितला. ओठसुद्धा पांढरे पडले. त्यांनी हात आडवा करून आम्हाला दारापासून मागे ढकललं. वर आठ जणींचे पाय एकदम पडले. पंखा हिंदकळला.

"ओरडू नका," ते कुजबुजले. "मी पाया पडतो, कोणी ओरडू नका. घाबरून सगळ्या एकदम शिडीकडे पळाल्या तर संपलं."

"काय संपलं?" मुकुल म्हणाला.

"ही जमीन नाहीये मुकुल. हे छत आहे. दोन बाय चार इंचाच्या पट्ट्या आहेत वर, छताचा बोर्ड धरण्यापुरत्या. त्यावर नुसतं प्लायवूड टाकलंय. तिथे दोन सुटकेसी ठेवायच्या, बस." मग ते छताकडे बघत म्हणाले, "कुठे तडा गेलाय का? कुठेही? आत्ता दिसत नाहीये म्हणून विचारतो."

"नाही, नाही," मुकुल म्हणाला.

मी गप्प होते. माझी पोटची पोर वर होती, लोकांच्या सात लेकी वर होत्या, आणि मी गप्प होते. दोन सेकंद असेन. मला नवऱ्यासमोर लाज वाटत होती! त्या दोन सेकंदांची मला आजही शिसारी येते.

"होता," मी म्हणाले. "बुजवला. मी रंग मारून घेतला."

मुकुलने माझ्याकडे बघितलं. निशिकांतरावांनी बघितलंसुद्धा नाही. "कुठून कुठे? नीट आठवा."

मी दारातूनच बोट दाखवलं. पंख्यापासून, छताला टेकलेल्या कपाटाच्या वरून, दाराकडे.

"कपाटाचं दार लागतं?"

"आठवडाभर अडकतंय. मला वाटलं दमट हवेने..."

"वरचं वजन कपाटावर आलंय," ते म्हणाले. इतक्या हळू की मला ऐकूच गेलं नसतं तर बरं झालं असतं. मी मुकुलचा दंड धरला.

तडा होता तो बरोबर पोरी आणि शिडी यांच्या मध्ये. सरळ चालत आल्या असत्या तर आठही जणी त्याच्यावरून येणार होत्या. निशिकांतरावांनी क्षणभर डोळे मिटले, आणि मग विचारलं, "गाणं कशावर लावलंय?"

"तिच्या फोनवर."

"मग फोन करा."

मी फोन केला. वरचा तबला बंद झाला, पाय थांबले. "आई, वॉट लाह! वी आर इन द मिडल!" अवनी करवादली. मी फोन पुढे केला. निशिकांतरावांनी फोन घेतला आणि भाजीचा भाव विचारावा तसल्या साध्या आवाजात म्हणाले, "अवनी, निशिकांत काका. सगळ्यांना खाली बसव. जिथे आहेत तिथे. उडी नाही, धप्पकन नाही. हळू. गेम आहे म्हणून सांग."

वर खसफस झाली. एक पोर फिदीफिदी हसली. मग शांत.

ते शिडी चढले. हा माणूस, जो बाल्कनीखालून जात नाही! चढताना शिडी खडखड वाजत होती. छातीपर्यंत वर गेले आणि थांबले. टॉर्च पेटवला. मी खाली उभी राहून त्यांच्या मोज्यांकडे बघत होते. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. का कोण जाणे, मला तेच बघवलं.

"डावीकडच्या भिंतीला पाठ लावायची," ते वर सांगत होते. "ती विटांची भिंत आहे, लाकडाची टोकं तिच्यात बसलीयत. बसूनच सरकायचं. उठायचं नाही. एकीने सरकायचं, बाकीच्यांनी बसून राहायचं. सगळ्यात लहान कोण?"

सगळ्यात लहान मैत्रेयी, अकरा वर्षांची. ती सरकत आली. घुंगरं वाजत होती, छन, छन, थांबून थांबून. निशिकांतरावांनी तिला काखेत हात घालून उचललं, खाली मुकुलकडे दिलं. मुकुलने तिला थेट जिन्यावरून खाली नेऊन बसवलं आणि धावत परत आला. दुसरी आली. तिसरी आली, ती रडत होती. चौथी येताना कडकन् आवाज झाला.

लाकूड मोडल्याचा आवाज फार मोठा नसतो हो. मी दारातून बघितलं, तर बुजवलेला तडा उघडला होता. माझ्या पलंगावर, त्या नीट घातलेल्या चादरीवर, पांढरा चुरा पडत होता. पंखा चार बोटं खाली आला होता आणि वायरवर लोंबत होता.

"देवा," मी म्हणाले.

"कोणी हलू नका," निशिकांतराव वर म्हणाले. आवाज तसाच साधा. पण शिडीला धरलेला त्यांचा हात मी बघत होते. बोटांची पेरं पांढरी फटक पडली होती. मिनिटभराने त्यांनी चौथीला खाली दिलं. मग ते म्हणाले, "हां. पाचवी."

सातही जणी उतरल्या. राहिली अवनी. ती सगळ्यात लांब होती, एसीच्या खाली, उजव्या अंगाला. म्हणजे तिला आधी खोलीची रुंदी ओलांडून डाव्या भिंतीला यायचं होतं.

"अंकल, मी सरळ येते, दोनच स्टेप्स आहेत," तिचा आवाज आला. तो आवाज मी ओळखते. चार वर्षांची असताना स्विमिंग पूलमध्ये खोल पाण्यात गेली होती, तेव्हा असाच आला होता.

"नाही. आडवी हो. पोटावर. हातपाय पसरून. पालीसारखी ये."

"आय कान्ट."

"येतं. मी इथेच आहे."

मी वर बघून ओरडणार होते, अवनी, ये गं! मुकुलने माझ्या तोंडावर हात दाबला. मी त्याच्या हाताला चावले, खरंच चावले, अजून वण आहे. वर घासटल्याचा आवाज येत होता. थांबायचा. पुन्हा यायचा. चुरा पडत होता. मी किती वेळ उभी होते सांगता येणार नाही. मग शिडीवर तिचे पाय दिसले, घुंगरं बांधलेले, धुळीने माखलेले, आणि मी ते पायच धरले.

त्या दिवशी काही कोसळलं नाही. नंतर छत उघडलं तेव्हा दिसलं, तीन पट्ट्या मोडलेल्या, एकीचं टोक वाळवीने खाल्लेलं, आणि सगळा भार आमच्या लग्नानंतर घेतलेल्या कपाटावर. आणखी एक बुधवार झाला असता तर, असं निशिकांतराव सांगायला लागले आणि टॉर्च विझवून खाली उतरले.

पण मला सांगायचंय ते त्याच दिवशीचं. पोरींचे आईबाप न्यायला आले. निशिकांतराव फाटकात जाऊन उभे राहिले, अंगभर धूळ, चष्म्याची एक काच तडकलेली, आणि प्रत्येकाला सांगत होते, "चूक माझी आहे. मी न बघता फोनवर हो म्हटलं. पंचवीस वर्षांत कधी म्हटलं नव्हतं." राधिकाने, मैत्रेयीच्या आईने, त्यांना वाट्टेल ते सुनावलं. अहो तुम्हाला काही अक्कल, पोरींच्या जिवाशी खेळ, वगैरे. ते मान खाली घालून ऐकत होते. मी मागे उभी होते. पहिल्या तीन आयांना मी जाऊ दिलं. तोंड उघडलं नाही. चौथ्या आईच्या वेळी मात्र ते पुन्हा "चूक माझी" म्हणायला लागले आणि मला ते ऐकवेना.

"तडा मला दिसला होता," मी म्हणाले. "मी रंगवून टाकला. भाव वाढेल म्हणून."

मग त्या तिघींनाही मी फोन करून सांगितलं. राधिका अजून माझ्याशी बोलत नाही. बरोबर आहे तिचं.

दहा दिवसांनी निशिकांतराव भाव घेऊन आले. दोन लाख छत्तीस हजार. पूर्वीची मी असते तर खुर्चीतून उठले असते. मुकुलने तेवढं विचारलं, "नव्वदवाला तोच डॉर्मर देत होता. एवढा फरक कशाचा?"

"डॉर्मर माझ्याकडेही अडतीसच हजारांचा आहे," ते म्हणाले. "त्याने खिडकीचा भाव दिला. तुम्हाला खोली हवीय. खोलीला जमीन लागते, ती तुमच्याकडे नाहीच." आणि मग कागदाच्या मागे पेन्सिलीने घर काढून ते सांगत बसले. जमीन धरायला भिंतीपासून भिंतीपर्यंत पोलादी तुळया. त्या जिन्यावरून येत नाहीत, क्रेन लागते. क्रेनला रस्ता अडवावा लागतो, त्याची परवानगी वेगळी. तुळया ज्या खांबांवर बसणार त्यांना नवं वजन पेलेल का, हे तपासायला पाया एका ठिकाणी उकरून बघायचा. भिंत सामाईक, म्हणजे शेजाऱ्याच्या घराचेही फोटो आधी काढून ठेवायचे. घडीची शिडी चालत नाही, पक्का जिना हवा, त्याने मागची बेडरूम अर्धी खाल्ली जाईल. आर्किटेक्ट, इंजिनियर, मंजुरी, सह्या.

"आणि हे चौदा हजार?" मी विचारलं. "टेम्पररी रूफ?"

"छप्पर कापल्यावर घर दोन महिने उघडं असतं. इथला पाऊस दुपारी सांगून येत नाही. म्हणून घराच्या वर आधी दुसरं छप्पर उभारायचं, मग पहिलं कापायचं. आणि डॉर्मर जुन्या छपराला जिथे भिडतो, तिथे पत्रा वाकवून सांधे करायला दोन कारागीर आठवडाभर लागतात. घाईत केलं तर पाच वर्षांनी तिथूनच गळतं, लाकूड कुजतं, आणि ते कुजलेलं आतून कोणाला दिसत नाही." ते थांबले. "तुमचं दिसत नव्हतं ना, तसंच."

मी एक डॉलर कमी करायला सांगितला नाही. मुकुलच्या भविष्यनिर्वाह निधीचं गणित बदललं, माझी रिटायरमेंट तीन वर्षं पुढे गेली. चालेल.

काम सहा महिने चाललं. निशिकांतराव रोज यायचे, यिशुनहून बस बदलत, त्यांच्या हुद्द्याचं ते काम नसताना. तुळई क्रेनवरून आत आली त्या दिवशी ते फाटकाबाहेर पाठ करून उभे होते. मी विचारलं तर म्हणाले, "बघवत नाही हो. लोंबतंय ना."

खोली झाली. उजेड काय, वारा काय, खिडकीतून समुद्राची रेघ दिसते. पण अवनी वर गेली नाही. त्या रविवारनंतर ती नाचलीच नव्हती. वर्ग बंद, घुंगरं कुठल्याशा पिशवीत. कॉलेजात जिना चढतानाही भिंतीला धरून चढायची, हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. विचारलं तर "आय ॲम फाइन, आई" म्हणून दार लावून घ्यायची. मी तिला रागावले, मिठी मारली, डॉक्टरांकडे नेलं. पोर माझ्यासमोर विझत चालली होती, आणि मला त्या दिवसापेक्षा जास्त भीती वाटायला लागली होती.

शेवटची सही घ्यायला निशिकांतराव आले तेव्हा ती नव्या जिन्याच्या पायथ्याशी उभी होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं. मला वाटलं आता सांगतील, अगं पोलाद आहे, ट्रक उभा राहील.

"भीती वाटते?" त्यांनी विचारलं.

तिने मान हलवली.

"मलाही वाटते. कागदावर सगळं बरोबर आहे, तीनदा तपासलंय, तरी वाटते."

"देन हाऊ, अंकल? मग काय करायचं?"

त्यांनी चपला काढल्या आणि ते माझ्या बेडरूममध्ये गेले. बरोबर खोलीच्या मधोमध, जिथे पूर्वी पंखा होता त्याच्याखाली जाऊन उभे राहिले. "तू वर जा," ते तिथून म्हणाले. "मी इथे उभा आहे. तू नाचून थांबेपर्यंत हलणार नाही."

"अहो, काहीतरीच काय!" मी म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, शर्ट पाठीला चिकटला होता. ते छताकडे बघत उभे राहिले.

अवनी मुकुलचा हात धरून एकेक पायरी चढायला लागली.

मी दारात होते. मला आत पाऊल टाकवत नव्हतं. त्या खोलीत मी सहा महिने झोपले नव्हते. पण तो माणूस एकटा उभा होता, आणि वर माझी मुलगी होती. मी गेले आणि त्यांच्या शेजारी उभी राहिले.

वर पाऊल पडलं. एकच. मग काही नाही.

"ऐकू येत नाही, अवनी!" निशिकांतराव ओरडले. आवाज फाटला त्यांचा. "जोरात!"

मग ती नाचायला लागली, आणि निशिकांतरावांनी माझा हात इतका घट्ट धरला की माझी बोटं दुखायला लागली.